मनाची फाईल वेगळ्या कपाटात

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी अवतार. ज्यांचे हेडफोन हरवलेत, ज्यांना लोकलच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, आणि ज्यांना मुळात ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्या सगळ्यांसाठी. बोलताना आलेलं "म्हणजे बघा" आणि "काय झालं की" बरंचसं कापलंय. तरी थोडं उरलं असेल, चालवून घ्या.

सुरुवात करूया एका कपाटापासून. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालयाच्या ताब्यात फाईली ठेवायचं एक साधं ऑफिसचं कपाट आहे. ते पहारीने उचकटलेलं आहे. हे कपाट होतं डॉ. लुईस फील्डिंग यांचं. कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सला त्यांचा दवाखाना होता आणि ते मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्या पेशंटांपैकी एक होता डॅनियल एल्सबर्ग. व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकन सरकार लोकांशी किती खोटं बोललं, याची गुप्त कागदपत्रं, म्हणजे पेंटागॉन पेपर्स, १९७१ मध्ये ज्याने वर्तमानपत्रांना दिली, तोच हा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांना एल्सबर्गची बदनामी करायची होती. आता माणसाला बदनाम करायचं तर काय शोधाल? बँकेचे हिशेब? प्रेमप्रकरणं? यांनी शोधली ती मनाच्या डॉक्टरकडची फाईल. सप्टेंबर १९७१ मध्ये रात्री दवाखाना फोडला, कपाट उचकटलं. पुढे ही घरफोडी उघडकीला आली आणि १९७३ मध्ये एल्सबर्गवरचा खटलाच न्यायाधीशांनी रद्द केला.

लगेच पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, दुसरी घटना. डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी सिनेटर थॉमस ईगलटन यांचं नाव जाहीर केलं. मग बातमी फुटली की त्यांना पूर्वी नैराश्यासाठी हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि विजेचे उपचार दिले होते. अठरा दिवसांत त्यांची उमेदवारी गेली.

ह्या दोन गोष्टी आधी सांगितल्या, कारण आजचा विषय तसा रुक्ष वाटणारा आहे: फॅमिली डॉक्टरकडचा कॉम्प्युटर आणि मानसिक उपचार करणाऱ्यांकडचा कॉम्प्युटर एकमेकांशी का बोलत नाहीत? अमेरिकेत ह्या दुसऱ्या गटाला 'बिहेवियरल हेल्थ' म्हणतात. त्यात नैराश्य, चिंता, इतर मनोविकार आणि दारू-ड्रग्जचं व्यसन असं सगळं येतं. पन्नास वर्षं हा प्रश्न तिकडे भिजत पडलाय. आणि त्याचं उत्तर वायर, सर्व्हर, सॉफ्टवेअर यांत नाही. त्याची मुळं ह्या उचकटलेल्या कपाटाच्या काळात आहेत. मनाचं दुखणं लिहिलेला कागद हा हत्यार म्हणून वापरता येतो, हे तेव्हाच्या अमेरिकेने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता न्यूयॉर्कला या. १९७० च्या सुमारास तिथे हेरॉइनचा कहर होता. शहराने मेथाडोनचे दवाखाने उघडले होते. मेथाडोन हे हेरॉइनची तलफ शमवणारं औषध, रोज ठरलेल्या डोसात देतात. ह्या कार्यक्रमाचे प्रमुख होते डॉ. रॉबर्ट न्यूमन. शहरात एक खून झाला आणि एका साक्षीदाराने सांगितलं की मारेकऱ्याला मी त्या दवाखान्यात पाहिलंय. झालं. सरकारी वकिलाने हुकूम पाठवला की पेशंटांचे फोटो द्या. एका पेशंटचे नाही हं, ठरावीक वयाच्या सगळ्या काळ्या पुरुषांचे. न्यूमन म्हणाले, देणार नाही. कोर्टाने त्यांना अवमानाबद्दल तुरुंगवास सुनावला, तरी ते म्हणाले, देणार नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता: आज फोटो दिले तर उद्या एकही व्यसनी माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाने न्यूमन यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच काळात गुप्ततेबद्दल नवे कायदे होत होते. १९७० मध्ये दारूच्या व्यसनाबद्दलचा एक कायदा झाला होता. तो रेटून नेणारे आयोवाचे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज स्वतः दारूतून बाहेर आलेले होते आणि ते उघडपणे सांगायचे. १९७२ मध्ये ड्रग्जबद्दलचा कायदा आला. दोन्हींत गुप्ततेची कलमं होती आणि १९७५ मध्ये त्यांची सविस्तर नियमावली निघाली. तिला आजही तिथले लोक नुसतं 'पार्ट टू' म्हणतात. नियम काय? व्यसनमुक्ती केंद्राने पेशंटची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही द्यायची नाही. पोलिसांना नाही, मालकाला नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरलाही नाही. ज्याला दिली त्यानेही ती पुढे द्यायची नाही. 'हा माणूस आमच्याकडे येतो' एवढंसुद्धा सांगायचं नाही.

मला विचाराल तर १९७५ साली हा नियम शंभर टक्के बरोबर होता. घोळ नंतर झाला.

कारण त्याच वर्षांत, अगदी त्याच देशात, दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती मला फार आवडते. विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी लिंक नावाच्या कॉम्प्युटरवर एक कार्यक्रम लिहिला. त्यात पेशंट पडद्यासमोर बसतो, कॉम्प्युटर त्याला त्याच्या ॲलर्जीबद्दल एकेक प्रश्न विचारतो आणि शेवटी डॉक्टरसाठी सारांश छापून देतो. १९६६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९६६! आपल्याकडे तेव्हा घरात फोन असणं म्हणजे श्रीमंती. पेशंट वैतागतील अशी डॉक्टरांची अपेक्षा, पण पेशंटांना मजा वाटली. यंत्र घाई करत नव्हतं ना.

मग त्याच विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ जॉन ग्राइस्ट यांनी ही कल्पना थेट सगळ्यात अवघड जागी नेली. १९७३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. त्यात कॉम्प्युटर पेशंटला आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारत होता. अभ्यास लहानच होता, पण निष्कर्ष डोक्यात घर करून बसतो: पुढे कोण जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न करेल, याचा अंदाज यंत्राच्या मुलाखतीवरून अनुभवी डॉक्टरांपेक्षा बरा बांधता आला. आणि असे विचार येणाऱ्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की डॉक्टरपेक्षा यंत्राला हे सांगणं सोपं गेलं. रात्री दोन वाजता मोबाईलला काय काय विचारतो आपण, आठवून बघा. मग ह्यात नवल वाटणार नाही.

स्लॅक यांच्या वर्गात ज्युडी फॉकनर नावाची एक विद्यार्थिनी होती, कॉम्प्युटर सायन्सची. तिने १९७९ मध्ये मॅडिसन गावात एका इमारतीच्या तळघरात कंपनी काढली. नाव होतं ह्यूमन सर्व्हिसेस कॉम्प्युटिंग. भागीदार कोण? हेच जॉन ग्राइस्ट, मनोविकारतज्ज्ञ. ती कंपनी आज एपिक म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांतल्या पेशंटांच्या नोंदी तिच्या सॉफ्टवेअरवर चालतात. म्हणजे गंमत बघा. आज ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये मनाच्या आजारांची माहिती धड पोहोचत नाही अशी तक्रार आहे, त्यातल्या सगळ्यात बड्या नावाच्या जन्माच्या वेळी एक मनाचा डॉक्टर शेजारी उभा होता.

आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं: लॉरेन्स वीड. व्हर्मोंट विद्यापीठातले डॉक्टर. तोवर केसपेपर म्हणजे तारखेनुसार खरडलेली डायरी असायची. वीड म्हणाले, पहिल्या पानावर पेशंटच्या सगळ्या समस्यांची एक यादी करा आणि प्रत्येक नोंद त्या यादीतल्या समस्येला जोडा. १९६८ मध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. जगभरचे डॉक्टर आज ज्या पद्धतीने नोंदी लिहायला शिकतात, त्यात वीड यांचा हात आहे. पण आपल्यासाठी मुद्दा वेगळा. त्यांच्या यादीत मधुमेह आणि बीपी होतंच, शिवाय उदासी, दारू, नोकरी गेलेली असणं हेही त्याच यादीत. एकाच माणसाची एकच यादी. त्यांनी हे कॉम्प्युटरवरही करून दाखवलं, सत्तरच्या दशकात, बोट लावायच्या पडद्यावर.

म्हणजे त्या एकाच दशकात दोन टोकाच्या कल्पना जन्मल्या. एक म्हणत होती, माणूस एक, तर यादी एक. दुसरी म्हणत होती, हा कागद बाहेर गेला तर माणूस तुरुंगात जाईल, तेव्हा वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवा. मला वाटतं दोन्ही खऱ्या होत्या. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

आता थोडं दवाखान्यात जाऊया. उदास माणूस आधी कुणाकडे जातो? मनाच्या डॉक्टरकडे? क्वचित. तो फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि सांगतो, झोप लागत नाही, डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, पोटात कसंतरी होतं. आपल्याकडेही हेच, तिकडेही हेच. २००२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एक आढावा निघाला. आत्महत्येने गेलेल्या माणसांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात प्राथमिक पातळीच्या डॉक्टरला भेटून आले होते. मानसिक आरोग्याच्या सेवेत त्या महिन्यात गेलेले होते सुमारे पाचात एक. ह्यावर दोन मिनिटं थांबा. म्हणजे दार त्यांनी ठोठावलं होतं. पण समोर बसलेल्याला काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं, किंवा विचारायला वेळ नव्हता.

मग आधी एक साधं साधन आलं. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोन्के आणि जॅनेट विल्यम्स यांनी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली तयार केली. प्रश्न नऊ. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरने नीट लक्ष घालायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल. त्यासाठी पैसा दिला फायझर या औषध कंपनीने, जी नैराश्याचं एक औषधही विकायची. ह्यावर नाक मुरडणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण प्रश्नावली फुकट वापरायला दिली गेली आणि २००१ मध्ये तिची तपासणी छापून आल्यावर ती सगळीकडे पसरली. का? कारण तिने उदासीला एक आकडा दिला. आणि आकडा म्हटलं की तो कॉम्प्युटरच्या रकान्यात बसतो. शुगरसारखा. गेल्या महिन्यात १७ होता, आज ११ आहे.

आता येतो ह्या सगळ्या कथेतला माझा आवडता भाग, आणि तो आहे चक्क एका यादीबद्दल.

सिएटलमध्ये वेन केटन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. नव्वदच्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की नैराश्याचा पेशंट फॅमिली डॉक्टरकडेच राहू द्या आणि मनोविकारतज्ज्ञाला तिथे मदतीला न्या, म्हणजे निकाल सुधारतो. युर्गेन उन्युट्झर यांनी ती कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासली. प्रयोगाचं नाव इम्पॅक्ट. पाच राज्यं, १८ दवाखाने, साठीच्या पुढचे १,८०१ नैराश्यग्रस्त लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांसाठी दवाखान्यातच एक केअर मॅनेजर नेमला, म्हणजे एखादी नर्स किंवा मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती. ती पेशंटशी बोलणार, फोन करणार, गोळ्या घेतल्या का विचारणार, पुन्हा गुण मोजणार. मनोविकारतज्ज्ञ बहुतेक पेशंटांना भेटतच नाही. तो आठवड्यातून एकदा केअर मॅनेजरबरोबर बसतो आणि यादी बघतो.

कुठली यादी? ती इंटरनेटवरची एक साधी नोंदवही होती. प्रत्येक पेशंटची एक ओळ: सुरुवातीला गुण किती, आज किती, शेवटचा संपर्क कधी, औषध कुठलं. आणि ह्या यादीचं काम एकच: जो सुधारत नाहीये आणि जो गायब झालाय, तो वर दिसला पाहिजे. बस. नेहमीच्या केसपेपरला हे जमत नाही. केसपेपर उघडतो कधी? पेशंट समोर आला की. पण उदास माणसाचं दुखणंच असं की तो येतच नाही. अपॉइंटमेंट चुकवतो, फोन उचलत नाही. न आलेल्या माणसाची फाईल कोण उघडणार? ह्या नोंदवहीत न आलेला माणूसच सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो.

निकाल २००२ मध्ये छापून आले. वर्षभराने नव्या पद्धतीतल्या ४५ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला होता. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण होतं १९ टक्के. औषधं तीच. डॉक्टर तेच. पुढे उन्युट्झर यांच्या गटाने ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी ह्या नोंदवहीचा एक्सेल शीटमधला अवतारही दिला. हो, एक्सेल. ज्यात आपण ट्रिपचा खर्च वाटून घेतो तेच.

मग एवढं सिद्ध झाल्यावर सगळीकडे का नाही झालं? एक कारण पैशाचं. अमेरिकेत विमा ज्याचे पैसे देतो तेच होतं, आणि फोन करणं, यादी बघणं याचे पैसे कुणी देत नव्हतं. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, त्यासाठी बिलाचे कोड दिले ते थेट २०१७ मध्ये. पंधरा वर्षांनी.

आणि दुसरं कारण २००९ सालचं. जगभर मंदी आली होती. ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. फेब्रुवारीत मोठं आर्थिक पॅकेज आलं आणि त्यात हायटेक नावाचा कायदा होता. डॉक्टरांनो, हॉस्पिटलांनो, कागद सोडा, कॉम्प्युटर घ्या, नीट वापरून दाखवा, सरकार पैसे देईल. एका डॉक्टरला मेडिकेअरमधून ४४,००० डॉलरपर्यंत, गरिबांच्या मेडिकेडमधून ६३,७५० डॉलरपर्यंत. पैशाने काम केलं. २००८ मध्ये जेमतेम दहातल्या एका हॉस्पिटलाकडे प्राथमिक स्वरूपाची का होईना इलेक्ट्रॉनिक नोंदव्यवस्था होती, २०१५ पर्यंत ते प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं.

पण पात्र कोण ते बघा. मेडिकेअरच्या बाजूला 'डॉक्टर' ह्या शब्दाची जुनी कायदेशीर व्याख्या घेतली गेली. त्यात दाताचा डॉक्टर आला. पायाचा डॉक्टर आला. चष्म्याचा नंबर काढणारा आला. मणका मोडून बसवणारा कायरोप्रॅक्टर आला. मनोविकारतज्ज्ञ हे एमडी असल्यामुळे तेही आले. पण सायकॉलॉजिस्ट नाही. समुपदेशन करणारे सोशल वर्कर नाहीत. मनोरुग्णालयं नाहीत, वस्तीवस्तीतली मानसिक आरोग्य केंद्रं नाहीत, व्यसनमुक्ती केंद्रं नाहीत. अमेरिकेत मनाच्या उपचारांचा मोठा भार हीच मंडळी उचलतात. त्यांना वगळलं.

परिणाम जो व्हायचा तोच. २०१५ मध्ये बाकी हॉस्पिटलं ८० च्या पुढे असताना मनोरुग्णालयांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडेच ती व्यवस्था होती. एकीकडे हॉस्पिटलाचे चकाचक पडदे, दुसरीकडे कागद आणि फॅक्स. ही चूक सुधारायला संसदेत वर्षानुवर्षं विधेयकं मांडली गेली आणि पडून राहिली. कुणी मुद्दाम डाव रचला असं मला वाटत नाही. टेबलावर कोण बसलंय यावर व्याख्या ठरतात, एवढंच.

आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता त्यांच्यापुढे १९७५ चं कुलूप होतंच. सॉफ्टवेअरला एकतर पूर्ण फाईल पाठवता यायची किंवा काहीच नाही. त्यातला व्यसनाचा भाग तेवढा बाजूला काढणं जमायचं नाही. मग हॉस्पिटलांचे वकील म्हणायचे, भानगडच नको, व्यसनमुक्तीची माहिती आपल्या जाळ्यात घेऊच नका. २०११ च्या सुमारास सरकारी पुढाकाराने माहितीच्या प्रत्येक तुकड्याला लेबल लावायचे प्रयोग सुरू झाले. हा तुकडा संवेदनशील, हा पुढे देऊ नका, ह्याला पेशंटची परवानगी आहे. प्रात्यक्षिकं झाली, पेशंटने स्वतः परवानगी नोंदवायची खुली सॉफ्टवेअरं निघाली. पण दवाखान्यांतल्या रोजच्या वापरात ते फारसं उतरलं नाही.

ह्याची किंमत काय, ते एका कायद्याच्या नावात लिहिलंय. जेसीज लॉ. तीस वर्षांची एक तरुणी, हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडत होती, मॅरेथॉनची तयारी करत होती. धावताना झालेल्या दुखापतीमुळे मिशिगनमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिने आणि तिच्या आईवडिलांनी हॉस्पिटलात सांगितलं होतं की तिला व्यसन होतं, अफूच्या जातीच्या औषधांबाबत जपा. ती माहिती फाईलमध्ये कुठेतरी होती. घरी सोडणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचली नाही. त्याने ऑक्सिकोडोनच्या ५० गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती गेली. मार्च २०१६. इथे कायद्याने माहिती अडवली नव्हती हं. पेशंटने स्वतः तोंडाने सांगितलं होतं. ॲलर्जी जशी लाल अक्षरांत वर दिसते तसं हे दिसायची जागाच नव्हती.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अफूजन्य औषधांच्या साथीबद्दल मोठा कायदा झाला, त्यात हा जेसीज लॉ बसवला गेला. पेशंटने परवानगी दिली असेल तर व्यसनाचा इतिहास नोंदीत ठळक कसा दाखवायचा, याचे मानदंड करा, असं सांगणारा. त्याच कायद्यात २००९ ला वगळलेल्यांना पैसे देऊन बघण्याची मुभाही होती. मग मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदत कायद्यात, त्या सगळ्या गडबडीत, पार्ट टू बदलण्याचं कलम आलं. पेशंटने एकदा परवानगी दिली की उपचारांसाठी ती पुढेही चालेल. अंतिम नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला आणि तो पाळण्याची मुदत दिली १६ फेब्रुवारी २०२६. त्यातही न्यूमन यांची आठवण शाबूत आहे: पेशंटची परवानगी किंवा कोर्टाचा खास आदेश असल्याशिवाय ह्या नोंदी त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येणार नाहीत. समुपदेशकाच्या खासगी टिपणांना वेगळं संरक्षण आहे. कुलूप काढलं नाही, किल्ली पेशंटच्या हातात दिली, असं म्हणता येईल. ती त्याला खरंच वापरता येते का, हे दवाखान्यातल्या फॉर्मच्या भाषेवर अवलंबून.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं. पण इम्पॅक्टच्या कुळातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारीच झालाय, गोव्यात. संगथ ही तिथली संस्था आणि विक्रम पटेल हे मनोविकारतज्ज्ञ. प्रयोगाचं नाव मानस. कोकणीत 'मनशांती सुधार शोध'. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. तिथे येणाऱ्यांना काही प्रश्न विचारायचे आणि ज्यांना त्रास दिसेल त्यांना समुपदेशकाकडे द्यायचं. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. पदवीधर स्थानिक मुली होत्या, मानसिक आरोग्याचं आधीचं कसलंही शिक्षण नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या. २०१० मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४२.५. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला हा शेवटचा तपशील फार आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही.

आणि आपलं कपाट? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गुप्ततेचं कलम आहे, आणि ते इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल रूपातल्या माहितीलाही लागू आहे असं स्पष्ट लिहिलंय. आपले वैद्यकीय कागद बघण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, आभा क्रमांक आला, चौदा आकडी. तुमच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये तो असेलही, लसीच्या वेळी की हॉस्पिटलच्या रांगेत कधी काढला आठवत नसेल. त्याची रचना परवानगीवर उभी आहे: कुठल्या डॉक्टरला कुठले कागद, किती काळ, हे तुम्ही ठरवायचं आणि नंतर परवानगी मागेही घेता येते. आपण १९७५ च्या कुलपापासून सुरुवात केली नाही. थेट किल्लीपासून केली.

एकदा ते ॲप उघडा. परवानगीचा जो पडदा येतो ना, ज्यावर आपण सवयीने 'ठीक आहे' दाबतो, तो यावेळी खालपर्यंत वाचा. तारीख कुठली आहे, कुठल्या प्रकारचे कागद आहेत, ते बघा.

आणि ह्या भागात आत्महत्येचा उल्लेख आलाय म्हणून: तुम्हाला किंवा तुमच्या कुणाला बोलायचं असेल तर टेली मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. चला, पुढच्या भागात भेटू.